शिधा निवडताना आधी पाणी मोजा

वाचकांचे प्रश्न : सायकल आणि मुक्काम

सायकलवर सामान लादून निघायचे, रात्री तंबू ठोकायचा आणि जेवण आपले आपणच रांधायचे, अशा प्रवासाविषयी या सदराकडे जी पत्रे येतात, त्यांत तंबूबद्दल कमी आणि खाण्याबद्दल जास्त विचारलेले असते. म्हणून या वेळी केवळ शिध्याविषयीचे प्रश्न घेतले आहेत. पहिल्या उत्तराने बरीच जागा घेतली आहे, कारण पुढची बहुतेक उत्तरे त्याच्याच आधारावर उभी आहेत.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र पाच दिवसांच्या सायकल प्रवासाला निघत आहोत. रोज साधारण ७० किलोमीटर अंतर कापायचे आणि चार रात्री तंबूत काढायच्या, असा बेत आहे. वाटेत फक्त तिसऱ्या दिवशी दुपारी दुकान लागेल. माणशी किती अन्न न्यावे? आमच्यातील एक जण डोंगरांतून पायी भटकणारा असून, ज्या पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये ४०० किलोकॅलरी नाहीत तो पिशवीत घालायचाच नाही, असा त्याचा आग्रह आहे. तो मानावा का?

उत्तर : ‘किती’ हा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी संपवू. सामान लादलेली सायकल सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने चालवताना पायांतून सरासरी १०० वॅट शक्ती पेडलवर पडते असे धरले, तर तासाभरात ३६० किलोज्यूल काम होते. आपले शरीर खाल्लेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोहोचवते आणि उरलेली उष्णता म्हणून बाहेर टाकते. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल असल्यामुळे या दोन गोष्टींचा परिणाम एकमेकींमुळे जवळजवळ पुसला जातो आणि हिशेब अगदी सुटसुटीत होतो : जितके किलोज्यूल काम, साधारण तितक्याच किलोकॅलरी अन्न. तुमचे ७० किलोमीटर पाच तासांत होतील असे मानू. त्याचे १८०० आणि झोप, तंबू, स्वयंपाक धरून उरलेल्या दिवसाचे १६०० म्हणजे दिवसाला ३४०० किलोकॅलरी झाल्या. कोरड्या, मिश्र शिध्यातून १०० ग्रॅममागे सरासरी ४२० किलोकॅलरी मिळतात असे धरल्यास रोज माणशी सुमारे ८०० ग्रॅम आणि दुकान लागेपर्यंतच्या अडीच दिवसांना दोन किलो शिधा लागेल. चढ फार असतील तर थोडा वाढवा. पण पाच दिवसांत रोज तीन-चारशे किलोकॅलरी कमी पडल्या तरी निरोगी माणसाचे काही बिघडत नाही, कारण ती तूट भरून काढण्याइतकी चरबी प्रत्येकाच्या अंगावर असते.

आता मित्राच्या नियमाकडे वळू. तो पाठीवर ओझे वाहणाऱ्याचा नियम आहे आणि तेथे तो शहाणपणाचा आहे. सायकलवर मात्र ओझे चाकांवर असते. एक किलो वजन एक हजार मीटर उंच चढवण्यासाठी ९.८ किलोज्यूल काम करावे लागते, म्हणजे वरच्या हिशेबाने दहा किलोकॅलरी; इतकी ऊर्जा दीड-दोन बदामांत असते. वेळेचा विचार केला तर तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो भरत असाल आणि त्यात दोन किलोंची भर पडली, तर एका तासाच्या चढाला मिनिटभर जास्त लागेल. उलट, नियम काटेकोरपणे पाळायचा ठरवलात तर तांदूळ (१०० ग्रॅममध्ये सुमारे ३६० किलोकॅलरी), मसूर (सुमारे ३५०) आणि खजूर (तीनशेच्या आतबाहेर) बाद होतात, ओट्सही काठावर अडकतात, आणि पिशवीत सुकामेवा, तेल, चॉकलेट आणि तळून वाळवलेल्या नूडल्स एवढेच उरते. असा शिधा पहिल्या दिवशी चैनीचा वाटतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे पाहवत नाही. मी स्वतः तो प्रयोग एकदा केला आहे. परत येताना निम्मा सुकामेवा पिशवीतच होता.

सायकलवरच्या शिध्याचा खरा हिशेब पाण्यापासून सुरू होतो आणि नेमका तोच बहुतेक जण शेवटी करतात. कोरडा शिधा हलका असतो तो केवळ त्यातील पाणी काढून टाकलेले असते म्हणून. मुक्कामाच्या जागी ओढा, विहीर किंवा नळ असेल तर ते पाणी तेथे परत घालता येते आणि वजनाची बचत खरी ठरते. मुक्काम कोरड्या जागी असेल तर तेच पाणी तुम्हाला बाटल्यांत भरून न्यावे लागेल आणि बचत कागदावरच राहील. एका माणसासाठी १०० ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम मसूर शिजवायला अर्धा लिटर पाणी लागते. सकाळची लापशी, चहा-कॉफी, भांडी आणि पिण्याचे पाणी मिळवले तर संध्याकाळपासून सकाळपर्यंत माणशी किमान तीन लिटर धरावे लागतात. तिघांचे मिळून नऊ किलो झाले. नऊ किलो पाणी वाहणाऱ्या माणसाने खजुराच्या शंभर ग्रॅमवर वाद घालणे मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे.

यासाठी नकाशावर प्रत्येक मुक्कामाच्या जागेआधी पाणी मिळण्याचे शेवटचे ठिकाण कोठे आहे, ते प्रथम नोंदवा आणि शिधा त्यानंतर ठरवा. पाणी हाताशी असलेल्या रात्रींसाठी तांदूळ, मसूर, पास्ता, ओट्स आणि दूध पावडर हे कोरडे जिन्नस ठेवा. कोरड्या रात्रीसाठी, एरवी ज्याची चेष्टा होते तो डब्यातला तयार पदार्थ बिनदिक्कत घ्या. चारशे ग्रॅमच्या डब्यातील शिजवलेल्या कडधान्यातून साधारण ३०० किलोकॅलरीच मिळत असल्या, तरी त्यातील पाणी पोटातच जाते, ते शिजवायला इंधन लागत नाही आणि खाऊन झाल्यावर घासायला एक चमचा उरतो. सोबत ब्रेड, कठीण चीज, गाजर, काकडी आणि सफरचंद असावे. काकडीत ऊर्जा नाहीच म्हटले तरी चालेल, पण तिचा ९५ टक्के भाग पाण्याचा असतो आणि घशाला कोरड पडलेल्या संध्याकाळी ती ज्या आवडीने संपते, तसा कोणताही पौष्टिक बार संपत नाही.

आणखी एक गोष्ट. तिघांचा शिधा तिघांत वाटताना ‘तुझ्याकडे सगळा तांदूळ, माझ्याकडे सगळे तेल’ अशी वाटणी करू नका. एखादा मागे राहिला किंवा वाट चुकला, तर एकाला कोरडा तांदूळ आणि दुसऱ्याला नुसते तेल घेऊन बसावे लागते. रात्रीचे जेवण सामाईक असले तरी दिवसभराचे खाणे आणि पाणी ज्याचे त्याच्याजवळच असावे.

प्रश्न : मी सकाळी भरपेट न्याहारी करून निघतो आणि दुपारी एकदाच व्यवस्थित जेवतो. तरीही साधारण तिसऱ्या तासाला पायांतले अवसान एकाएकी गळते आणि चिडचिड होते. न्याहारी आणखी वाढवावी का?

उत्तर : न्याहारी वाढवून उपयोग होणार नाही, कारण अडचण पोटाची नसून साठ्याची आहे. शरीर कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवते, पण हा साठा सगळा मिळून ४०० ते ५०० ग्रॅमच असतो. जोर लावून सायकल चालवली तर दीड-दोन तासांत आणि बेताने चालवली तर काहीसा उशिरा तो तळाला जातो. चरबी भरपूर शिल्लक असते, पण तिच्यापासून ऊर्जा सावकाश मिळते. मेंदूला मात्र साखरच हवी असते, आणि तुम्ही लिहिलेली चिडचिड तेथून येते.

उपाय असा की, पहिला तास संपण्याआधीच खायला सुरुवात करावी आणि नंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके थोडी थोडी घेत राहावी. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम आणि मूठभर मनुकांत सुमारे ३० ग्रॅम कर्बोदके असतात. साठ ग्रॅमची मर्यादा उगाच सांगितलेली नाही. आतड्यातून ग्लुकोज शोषले जाण्याचा वेग साधारण तेवढाच आहे आणि त्याहून अधिक ढकलले तर ते पोटात डचमळत राहते. फळांतील फ्रुक्टोज वेगळ्या मार्गाने शोषले जाते, त्यामुळे सुकी फळे आणि ब्रेड किंवा बिस्किटे असा जोड नुसत्या ग्लुकोजच्या पुडीपेक्षा पोटाला मानवतो. शेंगदाणे आणि बदाम चांगलेच आहेत, पण चढावर चालू असताना त्यांच्याकडून झटपट ऊर्जेची अपेक्षा करू नये. त्यांची जागा विश्रांतीच्या वेळी आणि रात्री.

हे खाणे मागच्या पिशवीत तळाशी असेल तर ते खाल्ले जात नाही, हा माझा अनुभव आहे. थांबा, उतरा, पट्टे सोडा, शोधा, एवढे करण्यापेक्षा माणूस ‘पुढच्या वळणावर पाहू’ म्हणतो. तासागणिक लागणारे सारे खाणे हँडलवरच्या पिशवीत, एका हाताने काढता येईल असे ठेवा. चॉकलेटमधील कोकोची चरबी ३४ अंश सेल्सिअसच्या सुमारास पातळ होते, म्हणून उन्हाच्या दिवसांत त्याऐवजी खजूर घ्यावा. सगळेच गोड ठेवू नका. चौथ्या तासाला जिभेला गोडाचा वीट येतो आणि नेमकी तेव्हाच खाण्याची गरज सर्वांत जास्त असते. खारे शेंगदाणे किंवा खारी बिस्किटे येथे उपयोगी पडतात. घामाच्या प्रत्येक लिटरबरोबर सुमारे एक ग्रॅम सोडियम जाते, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. माणसागणिक यात फरक फार पडतो, पण कपड्यांवर पांढरे डाग उमटत असतील तर तुमचे मीठ बरेच जाते असे समजावे. अशा वेळी नुसते पाणी लिटरमागून लिटर पीत राहणे घातक ठरू शकते, कारण रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते.

प्रश्न : मी मांसाहार करत नाही आणि प्रथिनांसाठी मुख्यतः कडधान्यांवर अवलंबून आहे. सकाळी राजमा रुंद तोंडाच्या बाटलीत भिजत घालायचा, संध्याकाळी त्याला एक उकळी आणायची आणि भांडे झोपण्याच्या पिशवीत गुंडाळून तास-दीड तास ठेवायचे, अशी युक्ती मला सुचली आहे. इंधन वाचेल ना?

उत्तर : इंधन वाचेल, पण राजम्याच्या बाबतीत ही युक्ती कृपा करून करू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते आणि ते नष्ट होण्यासाठी दाणे किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळ उकळावे लागतात; त्यानंतर ते मऊ होईपर्यंत शिजवायचे असतात ते वेगळेच. गुंडाळून ठेवलेल्या भांड्यातील तापमान ८० अंशांच्या आसपास रेंगाळते आणि अशा मंद उष्णतेत अर्धवट शिजलेला राजमा कच्च्या राजम्याहूनही अधिक बाधतो. उलट्या आणि जुलाब एक ते तीन तासांत सुरू होतात, आणि तंबूत मध्यरात्री पाणी कमी असताना हा प्रसंग काय असतो, त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. उंचीवर तर धोका वाढतो, कारण दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. तीन हजार मीटरवर पाणी ९० अंशांनाच उकळते आणि ‘उकळले की शिजले’ हा आपला समज तेथे खोटा ठरतो. राजमा हवाच असेल तर डब्यातला घ्या; तो आधीच पूर्ण शिजवलेला असतो.

गुंडाळून ठेवण्याची तुमची कल्पना मात्र उत्तम आहे, फक्त धान्य बदला. सोललेली मसूर डाळ दिवसा भिजवलेली असेल तर पाच-सात मिनिटांच्या उकळीनंतर गुंडाळलेल्या भांड्यात अर्ध्या तासात मऊ होते. भातालाही ती रीत लागू पडते. भांडे झोपण्याच्या पिशवीत ठेवण्याऐवजी त्यासाठी जुन्या चटईच्या तुकड्याची टोपी शिवून घ्या, कारण सांडलेल्या डाळीचा वास पिशवीतून महिनाभर जात नाही. प्रथिनांसाठी सोयाबीनचे वाळवलेले तुकडे माझ्या मते सर्वांत सोयीचे आहेत : वजनाच्या निम्मे प्रथिन, शिजवण्याची जवळजवळ गरज नाही आणि धक्क्यांनी चुरा झाला तरी नुकसान नाही. मसुरीत आणि पूर्ण दुधाच्या पावडरीत साधारण पाव हिस्सा प्रथिन असते, त्यामुळे लापशीत दोन-तीन मोठे चमचे पावडर घालण्याची सवय लावून घ्यावी.

इंधनाचा अंदाज तुम्ही विचारलेला नाही, पण तो येथेच सांगून टाकतो. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. स्टोव्हची निम्मी उष्णता हवेत जाते असे धरले, तरी गॅसच्या डबीतून सुमारे १५ ग्रॅम आणि स्पिरिटच्या स्टोव्हमधून २५ ग्रॅम किंवा अधिक इंधन खर्च होते. वारा असेल आणि आडोसा नसेल तर हे आकडे सहज दुप्पट होतात. म्हणून शिध्यातील एखादा पदार्थ वीस मिनिटे शिजणारा असेल, तर त्याच्या वजनात त्याच्या वाट्याचे इंधनही धरावे. तसे धरले की बारीक तुकड्यांचा पास्ता आणि ओट्स तांदळापेक्षा का बरे, ते आपोआप कळते. गॅसची डबी शुद्ध ब्युटेनची असेल तर गोठणबिंदूच्या आसपास ती पेटणारच नाही, कारण ब्युटेन उणे ०.५ अंशाच्या खाली वायुरूप होत नाही. थंडीत प्रोपेन किंवा आयसोब्युटेन मिसळलेली डबी लागते. आणि पाऊस कितीही असो, बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये. आगीचा धोका दिसतो, कार्बन मोनॉक्साइडचा दिसत नाही.

प्रश्न : रात्री उरलेला भात आम्ही झाकून ठेवतो आणि सकाळी चांगला गरम करून खातो. आजवर काही झालेले नाही. यात काही चूक आहे का?

उत्तर : चूक आहे. तांदळात बॅसिलस सेरेयस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यातून वाचतात. भात कोमट राहिला की ते वाढू लागतात आणि त्यांच्यापैकी काही जे विष तयार करतात ते सकाळी कितीही गरम केले तरी नष्ट होत नाही. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, हा नियम प्रवासात अधिकच कडकपणे पाळावा. उरेल इतके रांधूच नका. थोडे कमी रांधून शेवटी ब्रेड किंवा बिस्किटांनी भूक भागवणे सोपे. अंडी न्यायची असतील तर कच्ची न्यावीत, कारण उकडलेल्या अंड्याच्या कवचावरचे नैसर्गिक आवरण निघून गेलेले असते आणि ते कच्च्यापेक्षा लवकर खराब होते.

प्रश्न : सामान कितीही नीट भरले तरी संध्याकाळी बिस्किटांचा भुगा, टोमॅटोचा लगदा आणि सगळीकडे तेल, अशी अवस्था असते. डबे घ्यावेत की पिशव्या?

उत्तर : दोन्ही, पण कशात काय ठेवायचे ते ठरवून. सायकलच्या मागच्या चाकावर दिवसभर बारीक हादरे बसतात आणि त्यांत कडक वस्तू मऊ वस्तूला कुटते. तुमच्या बिस्किटांचा भुगा करणारा बहुधा तुमचाच स्टोव्ह असेल. तांदूळ, ओट्स आणि पावडरी जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत, प्रत्येकी एका जेवणाच्या मापाने भराव्यात, म्हणजे थकलेल्या हातांना संध्याकाळी मोजमाप करावे लागत नाही. मोडणारे आणि चिरडणारे सारे पदार्थ रिकाम्या भांड्याच्या आत ठेवावेत. रिकामे भांडे नेणे म्हणजे जागा फुकट घालवणे आहे. टोमॅटो आणि द्राक्षे पहिल्याच दिवशी संपवावीत. कोबी, गाजर आणि कांदे हादरे सोसतात. तेलासाठी पेयाची लहान, जाड बाटली घ्यावी, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावावा आणि ती बाटली आणखी एका पिशवीत घालून, कपड्यांच्या नव्हे तर हत्यारांच्या बाजूला उभी ठेवावी. ही शेवटची सूचना मी एका तेलकट स्वेटरच्या मोबदल्यात शिकलो. जड शिधा पिशव्यांच्या तळाशी, डाव्या-उजव्या बाजूंना सारखा विभागावा; एका बाजूला दोन किलो जास्त झाले तरी उतारावर हँडल ओढ घेते.

प्रश्न : स्टोव्ह अजिबात न नेता जाणे शक्य आहे का?

उत्तर : उबदार हवामानात दोन-तीन रात्रींसाठी अगदी शक्य आहे. ओट्स आणि कुसकुस (गव्हाच्या रव्याचे वाळवलेले बारीक दाणे) थंड पाण्यातही भिजतात, झटपट नूडल्सही अर्ध्या-पाऊण तासात मऊ होतात. घट्ट झाकणाच्या रुंद बरणीत मुक्कामाच्या तासभर आधी पाणी घातले की पोहोचेपर्यंत जेवण तयार असते. पीनट बटर, ब्रेड, चीज, सुकी फळे आणि डब्यातील कडधान्ये यांवर बाकीचे निभावते. थंडीत किंवा पावसात मात्र मी असे करणार नाही, कारण भिजलेल्या माणसाला गरम पेयाने जी धुगधुगी येते ती कॅलरींच्या हिशेबात बसत नाही. एखाद्या रात्री पाणी कमी पडले तर भिजवलेले अन्न पाण्यासकट खाऊन टाकता येते आणि भांडे घासावे लागत नाही, हा या पद्धतीचा फायदा कोरड्या मुक्कामावर विशेष जाणवतो.

प्रश्न : अन्न रात्री तंबूत ठेवावे की सायकलवरच राहू द्यावे?

उत्तर : दोन्हीकडे नको. तंबूतल्या शिध्यासाठी उंदीर तंबूचे कापड कुरतडतात आणि सायकलवरच्या पिशवीसाठी पिशवीचे. सगळा शिधा, खरकटे आणि दात घासण्याची पेस्टसुद्धा एका पिशवीत घालून, झोपण्याच्या जागेपासून शंभर पावलांवर, खोडापासून दूर आलेल्या फांदीला, माणसाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगावी. अस्वलांचा वावर असलेल्या प्रदेशात तेथील वनविभाग सांगेल तसा बंद कठीण डबाच वापरावा. आणि संध्याकाळी हँडलवरची पिशवी उलटी करून झटकायला विसरू नका. दिवसभराच्या मनुका आणि बिस्किटांचे कण तिच्या शिवणीत अडकलेले असतात.